माघारी फीर, हेमकांते

खालचावाडा, मांद्रे
१० नोव्हेंबर २०२४

बाये सेजल,

डबा उघडलास की आधी नेवऱ्या दिसतील. त्यांच्याखाली केळीचं पान आणि पानाखाली हे पत्र. कागदाला तूप लागलं असेल तर लागू दे, अक्षरं दिसली म्हणजे झालं. वाचून झाल्यावर न्हाणीतल्या चुलीत घाल.

शेजारची हर्षा आता दर सोमवारी साखळीला तुमच्याकडे डोकावणार आहे. तिची शाळा तुमच्या घरापासून जवळच, आणि शनिवारी ती परत येते. लहानपणच्या मैत्रिणीने माहेरचा डबा आणून दिला, तर तुझ्या सासूबाईंनी नाही कशाला म्हणायचं? फोनवर बोलण्यात अर्थ नाही. मी फोन केला की तुझा नवरा स्पीकर लावतो आणि "बोला आई, काय विशेष?" असं स्वतःच विचारतो. जसा काही मी त्यालाच नऊ महिने पोटात वागवला.

डबा रिकामा परत करायचा नसतो हे तुला ठाऊक आहे. बरी असलीस तर चिमूटभर साखर घाल. मला तेवढ्यावर कळेल.

आता जे तुला ठाऊक नाही ते सांगते. गणेशचवथीला तू हात गळ्यात बांधून आलीस. "न्हाणीत पडलंय" म्हणालीस, आणि मी ताप आलेल्या पोरासारखं तुला जवळ घेतल्यावर खरं काय ते सांगितलंस. ते मी तुझ्या बाबांना सांगितलं. ते सदरा घालून देवळात गेले. मीही मागोमाग गेले. तुला वाटलं असेल की देवीने तुला परत पाठवलं. देवीने नाही. गुरवाने कौलासाठी देवीला पाकळ्या लावल्या आणि तुझ्या बाबांनी गाऱ्हाणं घातलं ते असं : "आये, माज्या चेडवाचा आणि जावयाचा जरासा भांडाण झालाहा. तिणा आपल्या घराक जावचा काय? जावचा असात तर उजवी दी."

जरासं भांडण! पिळलेल्या हाताबद्दल एक शब्द नाही. औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकाशी हसून बोललीस म्हणून तुझी नोकरी सोडवली, त्याबद्दल नाही. दाराला बाहेरून कडी घालून तो ट्रक बघायला खाणीवर जातो, त्याबद्दल नाही. जे विचारलं त्याचं उत्तर देवीने दिलं. पाकळी तत्काळ उजवी पडली. वाटेत मी म्हटलं, "अवो, तुम्ही देवीक फसयलास." तर म्हणाले, "देवीक सगळा म्हायत असता. सांगाक कित्याक होया?" आणि संध्याकाळी तुला बसवर बसवून आले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलते. भात वाढते, पण "आणखी घ्या" म्हणत नाही.

आणि ऐक, इथे एक मजा चाललीय. जत्रेच्या नाटकाला यंदा पोरंच नाहीत. निम्मी बोटीवर, निम्मी किनाऱ्यावरच्या हॉटेलांत. नाटक मोडायची पाळी आली तेव्हा आम्ही बायका उठलो आणि म्हटलं, आम्ही करतो. कृष्णनाथ मास्तरांच्या आजोबांनी लिहिलेलं तेच ते 'दग्ध हेमकांता', आम्हाला भात कांडल्यासारखं पाठ आहे. कौल घेतला. बायकांनी पुरुषांची कामं करायला उजवी पडली. बाईने हेमकांता करायला मात्र डावी. हेमकांता शेवटी विष पिऊन मरते, आणि देवीसमोरच्या मांडावर सवाष्णीने मरायचं नाही, मग ते खोटं का असेना. तेव्हा मास्तर म्हणाले, "बायलांचा काम दादले करतले, दादल्यांचा काम बायलो. सगळ्यांचीच मस्करी जातली, म्हणजे कोणाचीच जावची नाय."

तुझी,
आई

•

खालचावाडा, मांद्रे
१ डिसेंबर २०२४

बाये सेजल,

साखर मिळाली. हर्षा म्हणाली, हात गळ्यातून सुटला पण चहा तू डाव्या हाताने ढवळत होतीस. उजवा अजून दुखतो काय? हळदीचा लेप लाव. लेपाने काय होणार आहे म्हणा.

तू हर्षाकडे विचारलंस, "बाबा काय म्हणतात?" बाबा सध्या साडी नेसायला शिकतात. हसू नको. खरं सांगते.

नारळ ठेवला त्या दिवशी कामं वाटली, तीही देवीला विचारून. संशयी राजा रुद्रसेन हर्षाला मिळाला. तिचा आवाज वर्ग गप्प करून करून आधीच राजासारखा झालाय. राणीचा बाप विक्रमसिंह कुणाला द्यायचा म्हणून नावं घेतली, तर माझ्या नावाला उजवी. तुझ्या बाबांचं काम! लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून दर वर्षी ते काम त्यांनीच केलं. परसात येरझाऱ्या घालत ते भाषण पाठ करायचे आणि मी खोबरं खवता खवता मनात म्हणायची. अडले की आतून मीच पुढचा शब्द द्यायची. आणि हेमकांतेला उजवी पडली ती त्यांच्याच नावाला. सगळं नाटक तोंडपाठ असलेला, दाढीमिशी साफ, अंगाने काटकुळा असा पुरुष वाड्यावर दुसरा आहे कोण? मांडावर एवढं हसू झालं की देवळातली कबुतरं उडाली. हे मात्र हसले नाहीत. "देवीन दिला ता करूक होया," एवढंच म्हणाले. दुसऱ्याला सांगायचं वाक्य स्वतःला गिळायला लागलं की कसं वाटतं ते मी त्यांच्या तोंडावर बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तुला तो प्रवेश आठवतो ना? लहानपणी तू त्या वेळी माझ्या पदरात तोंड घालायचीस. हेमकांता नवऱ्याच्या घरातून पळून बापाच्या गडाशी येते. "तात, दार उघडा. मी तुमची हेमकांता." बाप दार उघडतो, उंबरठ्यावर उभा राहतो आणि म्हणतो, "हेमकांता नावाची माझी कन्या मी अग्नीच्या साक्षीने दान दिली. दिलेलं दान परत घेणारा हा विक्रमसिंह नव्हे. या गडाला दरवाजा आहे, पण तुझ्यासाठी उंबरठा नाही. माघारी फीर, हेमकांते!" मग दार धाडकन लागतं. ती माघारी जाते आणि भर दरबारात विष पिते. दर वर्षी सगळा गाव रडतो, आणि रडून झालं की बाहेर येऊन चणे खातो.

काल तालमीत ते गुडघ्यावर बसले होते आणि मी मिशी लावून वर उभी. मास्तर तुझ्या बाबांवर ओरडले, "सगुणा, रडाण पोटातल्यान येवक होया!" हे म्हणाले, "येना नाय." घरी येताना मी म्हटलं, "चवथीक चेडू कसा रडला ता आठवा, मगे येतला." रात्री जेवले नाहीत.

साडीचं म्हणशील तर निऱ्या अजून जमत नाहीत. मीच काढून देते. दोन्ही हात वर करून उभे राहतात, पोरीसारखे.

तुझी,
आई

•

खालचावाडा, मांद्रे
५ जानेवारी २०२५

बाये,

हे नीट वाच, दोनदा वाच आणि मग जाळ.

अठरा तारखेला शनिवारी जत्रा. दत्तप्रसादला आमंत्रण मी स्वतः फोन करून दिलं. स्पीकरवरच. "जावईबापू, सासरा राणी आणि सासू राजा झालीय, बघायला यायलाच पाहिजे." खो खो हसला. येतो म्हणाला. सासूबाईंना पण आणतो म्हणाला. लोकांची फजिती बघायला माणूस कसा आनंदाने येतो बघ.

तर तू येशील. पुरुषांच्या बाजूला तो, बायकांच्या बाजूला तू. सासूबाईंना मी पुढे खुर्ची देणार आहे, मानाची, म्हणजे त्या तुझ्याजवळ नसतील. तू चटईवर शेवटी बस, पिंपळाच्या कडेला.

मी ते वाक्य म्हणणार नाही.

"दिलेलं दान परत घेणारा हा विक्रमसिंह नव्हे" इथपर्यंत म्हणेन, कारण लोकांचं ध्यान लागायला पाहिजे. मग दाराच्या दोन्ही फळ्या उघडून म्हणेन, "आत ये, बाये." तीच तुझी खूण. ते ऐकलंस की उठ आणि मांडाच्या मागच्या अंगाने आमच्या रंगपटात ये. तिथे हर्षा आहे, वाड्यावरच्या सगळ्या बायका आहेत, मिशा लावलेल्या आणि तलवारी घेतलेल्या. तलवारी पुठ्ठ्याच्या असल्या तरी बायका खऱ्या आहेत. आणि सगळ्या गावासमोर बापाच्या वेषात मी दार उघडलं, की दुसऱ्या दिवशी तुझ्या बाबांना तोंड राहील काय तुला परत धाडायला? देवीसमोर खोटं बोलता येतं, कारण ती उलट बोलत नाही. गाव बोलतो.

नाटक मोडेल. मोडू दे. मास्तर मला शिव्या देतील. विषाच्या पेल्यात कोकमचं सरबत असतं, ते मी पिऊन टाकीन.

हे मी हर्षाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बाबांना तर नाहीच. त्यांना दार बंद होईल असंच वाटतं, आणि त्यांना तसंच वाटू दे. हल्ली तालमीत त्यांचं रडणं येतं. पोटातून येतं की नाही ते मला ठाऊक नाही.

येशील ना? कळलं असेल तर साखरेबरोबर एक लवंग घाल.

तुझी,
आई

•

खालचावाडा, मांद्रे
१९ जानेवारी २०२५

सेजल,

लवंग आली होती. तू आली होतीस. पिंपळाच्या कडेला निळी साडी नेसून बसली होतीस आणि पायांत चपला तशाच होत्या, चटईवर बसतानाही काढल्या नव्हत्यास. ते मी पडद्याच्या फटीतून बघितलं.

मग काय झालं ते सांगते. ऐकून तुझं काही भलं होणार नाही, पण तू जे ऐकलंस ते मी तुला म्हटलं नव्हतं, हे तुला कुणीतरी सांगायला पाहिजे.

मी दार उघडलं. तुझे बाबा खाली होते. जांभळी साडी, कपाळावर कुंकू, आणि साडीच्या निऱ्या मीच काढलेल्या. तालमीत ते हात जोडायचे. काल त्यांनी माझ्या पायांना मिठी मारली आणि म्हणाले, "तात, दार उघडा." आवाज नाटकाचा नव्हता. मी त्यांच्याकडे असा आवाज किती वेळा लावलाय! तुला पुढे शिकवा म्हणताना लावला. हे स्थळ नको, मुलगा संशयी दिसतो म्हणताना लावला. चवथीला तर मी देवळाच्या पायरीवर त्यांचे पाय धरले होते, हे तुला ठाऊक नाही. तेव्हा त्यांनी माझे हात सोडवले आणि चपला शोधल्या. ते सगळं एकदम माझ्या डोक्यात चढलं. पहिल्यांदा ते खाली आणि मी वर होते, आणि माझ्या तोंडात असं वाक्य होतं की ज्याने माणूस मोडतो.

बाये, मी तुला विसरले. सरळ सांगते, विसरले. मला फक्त तो माणूस दिसत होता. त्यालाही कळू दे, एवढंच माझ्या मनात होतं. आणि मी म्हटलं. "या गडाला दरवाजा आहे, पण तुझ्यासाठी उंबरठा नाही. माघारी फीर, हेमकांते!" माझ्या गळ्यात एवढा आवाज आहे हे मलाच माहीत नव्हतं. ते रडायला लागले. रंग ओघळला. दार धाडकन लागलं.

आणि लोक उठले. शिट्ट्या, टाळ्या. "वन्समोअर! परभाकाकी, वन्समोअर!" तुझा नवरा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता.

मी दार पुन्हा उघडलं. त्या वेळी अजून वेळ होती. तू तिथेच होतीस म्हणे, अर्धी उठलेली, एक हात जमिनीला टेकून. मी तुला बघितलं असेल, पण कंदिलांच्या उजेडात मला नुसती डोकी दिसली. आणि मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. पहिल्यांदा रागाने म्हटलं होतं. दुसऱ्यांदा टाळ्यांसाठी.

दार लागल्यावर हर्षाने माझा दंड धरला. "काकी, काय केलात हे?" तेव्हा मला आठवलं. फटीतून बघितलं तर तुझी जागा रिकामी. तू नवऱ्याजवळ जाऊन "चला घराक" म्हणालीस, असं मागे बसलेल्या विमलाने सांगितलं. त्याला नाटक पुढे बघायचं होतं, तरी तू त्याचा हात धरून ओढलास म्हणे.

बाबांना आतल्या गोष्टी काही माहीत नव्हत्या. ते दाराबाहेरच्या बाजूला तसेच बसून राहिले. पुढचा प्रवेश लागला तरी उठेनात. मी जाऊन बसले तर म्हणाले, "परभा, असाच लागता काय गो?" मी म्हटलं, "होय." मग म्हणाले, "चेडू खंय असा? तेका धाडू नको हा, घराकडे व्हर." मी सांगितलं, ती गेली. ते उठले आणि साडी वर खोचून रस्त्याकडे धावत सुटले. चप्पल नाही, डोक्यावर राणीचा मुकुट. तुमची गाडी वळणापलीकडे गेली होती. लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. हसत होते. रस्त्याच्या मधोमध उभं राहून ते "सेजल, सेजल" म्हणून हाका मारत होते आणि लोक हसत होते.

मग मास्तरांनी त्यांना आणलं आणि त्यांनी विष प्यायलं. नाटक मोडलं नाही. ज्यासाठी मोडायचं होतं ते राहिलं.

उद्या हर्षा येईल तेव्हा डबा घे. आत पातळ पोळे आहेत. मला शिव्या दे, पण घे.

आई

•

खालचावाडा, मांद्रे
२६ जानेवारी २०२५

सेजल,

डबा रिकामा आला. घासलेला, पुसलेला, रिकामा. तुझ्या हाताने आला की सासूबाईंच्या, हे हर्षाला सांगता येत नाही, कारण दार त्यांनीच उघडलं आणि डबाही त्यांनीच दिला. "सुनेक बरा नाय, निजलाहा," म्हणाल्या. पुन्हा येऊ नको असंही म्हणाल्या, हसून.

इथे लोक मला वाटेत थांबवून सांगतात, "काय काम केल्यात काकी, अंगार काटो आयलो." पाव विकणाऱ्या पोदेरानेसुद्धा दोन उंडे जास्त दिले. मी ते कुत्र्याला घातले.

बाबा काल देवळात जाऊन आले. या वेळी गाऱ्हाणं मी ऐकलं. हात, कडी, नोकरी, सगळं सांगितलं, गुरवासमोर, मोठ्याने. "चवथीक खोटा सांगललंय, आये," म्हणाले. पाकळी लावली आणि विचारलं, "चेडवाक घराक हाडूया?" पाकळी पडलीच नाही. आम्ही दुपारपर्यंत बसलो. गुरव म्हणाला, "उद्या येवा." बाबा म्हणाले, "देवीक आता आमच्याकडे बोलाचा नाय." मी म्हटलं, "देवीन एकदा सांगलान. आता तुम्ही सांगा." त्यावर ते म्हणाले, "जावया, चेडवाक हाडूया."

हे पत्र हर्षाबरोबर पाठवता येत नाही. येत्या रविवारी घेऊन मीच येते.

आई

•

साखळी
२ फेब्रुवारी २०२५

सेजल,

तुझ्या घरासमोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून लिहिते. वही दुकानातूनच घेतली. दुकानदार विचारत होता, "कोणाची वाट पळयतात?" मी म्हटलं, "चेडवाची."

सकाळी आम्ही आलो तेव्हा काय झालं, ते तुला ठाऊक आहे. तूच होतीस त्यात. तरी मी कसं बघितलं ते लिहिते, कारण मला ते आधी उलटंच दिसलं.

दार तू उघडलंस. डोळ्याखाली काळं होतं आणि तू उजवा हात पदरात धरला होतास. आत खुर्चीवर तो चहा घेऊन बसला होता. बाबा म्हणाले, "बाये, चल घराक. चुकलंय मी." त्यांनी हात जोडले, लेकीला. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू मागे बघितलंस, त्याच्याकडे. त्याने कप खाली ठेवून मान हलवली. आणि तू म्हणालीस,

"या घराला दरवाजा आहे, पण तुमच्यासाठी उंबरठा नाही. माघारी फिरा."

माझ्याच आवाजात म्हणालीस. जिथे मी श्वास घेतला होता तिथेच घेतलास. तो टाळ्या वाजवायला लागला. "वन्समोअर! सासूबाईंक आयकूंक येवक नाय!" आणि तू पुन्हा म्हणालीस.

मी बाबांना धरून रस्त्यावर आणलं. मला वाटलं, मी पेरलं ते उगवलं, आता काय तोंडाने उभी राहू? आम्ही बसमध्ये बसलो. बाबा खिडकीकडे तोंड करून रडत होते, अगदी पोटातून. डिचोली आली. गाडी उभी राहिली, माणसं चढली, आणि कंडक्टरने दार धाडकन लावलं.

तेव्हा मला कळलं. तू दार लावलं नाहीस.

वाक्याच्या मागोमाग दार लागतं, बाये. ते तुला लहानपणापासून पाठ आहे. पदरात तोंड घालून तू त्या आवाजाचीच वाट बघायचीस. त्याने तुझ्याकडून वाक्य घोकून घेतलं असेल, म्हणूनच तर तो टाळ्या वाजवत होता. न सांगितलेल्या वाक्याला असं कुणी टाळ्या वाजवत नाही. पण दाराचं तो विसरला. आम्ही फाटकातून बाहेर पडून मागे बघितलं तेव्हा तू उंबरठ्यात तशीच उभी होतीस, दोन्ही फळ्या उघड्या, आणि पायांत चपला. घरात चपला कोण घालतं?

कदाचित तुझ्या ध्यानातही नसेल. कदाचित पायांना गारवा लागत असेल, आणि दार नंतर लावायचं असेल. मी म्हातारी, एकच काम केलेली नटी, मला काय कळतं? पण एकदा खूण माझ्याकडून चुकली. दुसऱ्यांदा तुझी खूण मी चुकवणार नाही, ती खूण नसली तरी.

आम्ही डिचोलीला उतरलो आणि उलटी बस धरली.

आता दार बंद आहे. खिडकीही. आत टीव्ही मोठ्याने लावलाय. आम्ही हाका मारल्या, कडी वाजवली. सासूबाई एकदा वरच्या खिडकीत आल्या आणि गेल्या. तुझा आवाज नाही. दुकानदार म्हणतो, मघाशी काहीतरी पडल्यासारखं वाजलं, मग टीव्ही मोठा झाला. बाबा पोलिसांना आणायला गेलेत. जाताना म्हणाले, "सगळा सांगतंय. हात, कडी, सगळा. जरासा भांडाण म्हणाचंय नाय." हर्षाला फोन केला, ती वाड्यावरच्या बायकांना घेऊन निघाली आहे.

तुला काही झालं असलं तर कुणाच्या पायांवर डोकं ठेवू मी? पण ते मी आता लिहीत नाही.

हा कागद मी दाराखालून आत सरकवणार आहे. तुझ्या हाती लागला तर वाच, त्याच्या हाती लागला तर त्याने वाचावा. दत्तप्रसाद, मोठ्याने वाच, तिला ऐकू जाऊ दे.

नाटकात हेमकांता इथून माघारी फिरते. बापाने दार लावल्यावर ती एकदाही पुन्हा वाजवत नाही. ते मला कधी पटलं नव्हतं. मी पुन्हा वाजवायला उठते आहे.

आई